समुद्री चाच्यांच्या सिनेमातून इंग्रजीचे शंभर शब्द



पाचोऱ्याचा उन्हाळा कसा असतो, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. मुले घरात, कूलरपुढे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर मोबाइल. आई-बाप कामावर. कोणी जिनिंगमध्ये, कोणी रेल्वेत, कोणी बांधकामावर, कोणी धुण्याभांड्याला. मुलांनी दिवसभर काय पाहिले हे विचारायला कोणाला सवड नसते.

मी कारकून माणूस. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या मुलांना घेऊन बसतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या घरी आठ मुले जमायची. त्यातली एक मुलगी दहावीत जाणार होती. वडील हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. गणितात हुशार, विज्ञानात हुशार, पण इंग्रजीचे पुस्तक उघडले की तिची मान खाली जायची. मी विचारले तर म्हणाली, ‘‘काका, शब्द पाठ होतात, पण दोन दिवसांनी उडून जातात.’’

तिचे बोलणे ऐकून मला माझेच दिवस आठवले. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. मी बी.कॉम. झालो. ‘डेप्रिसिएशन’ची व्याख्या मला झोपेत विचारली तरी सांगता यायची. परंतु पहिल्या मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीतून एवढेच विचारले, की इथपर्यंत कसे आलात? मला ‘मी रेल्वेने आलो, गाडी उशिरा होती’ एवढे साधे वाक्य जुळवता आले नाही. नोकरी गेली ती गेलीच. घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

सिनेमा कोणता?

एका शिक्षक मित्राकडे ‘पीटर पॅन’ची डीव्हीडी होती. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने १९५३ साली काढलेला हा रंगीत कार्टूनपट. सव्वा तासाचा. गोष्ट साधी आहे. लंडन शहरात वेंडी, जॉन आणि मायकल ही तीन भावंडे. कधीच मोठा न होणारा पीटर पॅन नावाचा मुलगा रात्री त्यांच्या खोलीत येतो, आणि त्यांना उडवत ‘नेव्हर लँड’ नावाच्या बेटावर नेतो. तिथे समुद्री चाच्यांचे जहाज आहे. त्यांचा कप्तान हूक. त्याचा एक हात पीटरने तोडून मगरीला खाऊ घातलेला, म्हणून हाताच्या जागी लोखंडी आकडा. त्या मगरीला कप्तानाची चव लागली आहे. पण तिने एक गजराचे घड्याळही गिळले आहे. त्यामुळे ती जवळ आली की टिकटिक ऐकू येते, आणि एवढा क्रूर कप्तान थरथर कापतो. मुलांनी हे पाहून हसून हसून लोळण घेतली.

ही गोष्ट मुळात जे. एम. बॅरी या स्कॉटिश लेखकाची. वडील विणकर, हातमागावर कापड विणणारे. बॅरीचे नाटक १९०४ साली लंडनला रंगभूमीवर आले. विशेष म्हणजे १९२९ साली बॅरीने या गोष्टीचे सर्व हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकले. कष्टकऱ्याच्या मुलाने आपली कमाई आजारी मुलांसाठी दिली, हे मी मुलांना मुद्दाम सांगितले.

शिकवले कसे?

पूर्ण सिनेमा एकदम दाखवून उपयोग नाही. तो करमणूक होऊन निघून जातो. मी पुढीलप्रमाणे केले. पालकांनाही घरी सहज करता येईल.

पहिल्या दिवशी गोष्ट मराठीत सांगून टाकली. पुढे काय होणार हे माहीत असले, की मुलाचे लक्ष ‘काय झाले’ यावरून ‘काय बोलले’ याकडे वळते. मग रोज सात-आठ मिनिटांचाच तुकडा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त चित्र पाहायचे, आणि दिसेल त्या वस्तूचे इंग्रजी नाव माहीत असल्यास सांगायचे. दुसऱ्यांदा आवाज लावून, खाली इंग्रजी अक्षरांच्या ओळी चालू ठेवून. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत. रोज फक्त दहा शब्द वहीत. दहा बैठकांत सिनेमा संपला, आणि वहीत शंभर शब्द झाले.

खालच्या ओळी इंग्रजीच ठेवाव्यात, मराठी किंवा हिंदी नकोत. मराठी ओळी दिसल्या की डोळे त्या वाचतात आणि कान इंग्रजी ऐकायचे बंद करतात. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द एकाच वेळी भेटला, तर तो डोक्यात बसतो. ही काही माझी कल्पना नाही. अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच विचारावर काम केले. गाणे ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याच्या ओळी पडद्यावर दाखवायच्या. आधी गुजरातच्या दूरदर्शनवर, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त हे झाले. ज्या बाया-माणसांची शाळा दोन-तीन वर्षांत सुटली होती, त्यांचेही वाचन गाणी पाहता पाहता सुधारते, असे त्यात दिसून आले. गाण्याने मराठी-हिंदी वाचता येत असेल, तर गोष्टीने इंग्रजी का येऊ नये?

आपल्या घरातलेच शब्द

मला सगळ्यात मोठी गंमत वाटली ती ही, की चाच्यांच्या जहाजावरचे कितीतरी शब्द आपल्या पाचोऱ्यात आधीच येऊन बसले आहेत. ‘हूक’ ब्लाउजला असतो. ‘कॅप्टन’ क्रिकेटच्या टीमला असतो. ‘पायरेट’ म्हणजे चाचा, त्यावरून चोरून काढलेल्या सीडीला ‘पायरेटेड’ म्हणत. (चाच्यांचा सिनेमा चोरून पाहू नये, हेही मुलांना सांगितले!)

‘ट्रेझर’ म्हणजे खजिना. मी म्हणालो, पोरांनो, तुमच्या घरातले कोणी पेन्शनसाठी ट्रेझरीत गेले आहे का? एका मुलाचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, दुसऱ्याची आत्या शाळेत शिपाई होती. ट्रेझरी म्हणजे सरकारचा खजिना ठेवण्याची जागा. लगेच समजले. तो शब्द आता कोणी विसरणार नाही.

‘बोर्ड’ म्हणजे मूळ अर्थाने फळी. वर्गातला फळा तो बोर्ड. फळीचे टेबल, त्यावर जेवण, म्हणून राहण्याजेवण्याची सोय ती ‘बोर्डिंग’. आपल्या समाजाच्या किती मुलांना बोर्डिंगने शिकवले, हे वेगळे सांगायला नको. टेबलाभोवती बसणारे ते संचालकांचे ‘बोर्ड’. आणि जहाजावर चढला तो ‘ऑन बोर्ड’. एका फळीतून पाच शब्द निघाले. चाचे कैद्याला ज्या फळीवरून चालवत समुद्रात ढकलतात, तिला मात्र ‘प्लँक’ म्हणतात. खऱ्या चाच्यांपेक्षा गोष्टीतल्या चाच्यांनीच हा प्रकार जास्त केला असावा, असे जाणकार म्हणतात.

‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकूड बांधून पाण्यात टाकत, आणि ती नोंद वहीत लिहीत. ती वही म्हणजे ‘लॉगबुक’. सरकारी जीपच्या ड्रायव्हरकडे आजही लॉगबुक असते. मोबाइलवर आपण ‘लॉग इन’ करतो, तोही शब्द त्याच ओंडक्यावरून आला.

उच्चाराच्या गमतीही सापडल्या. ‘आयलंड’ म्हणजे बेट. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ आहे, पण तो मुका. ‘स्वोर्ड’ लिहायचे आणि ‘सोर्ड’ म्हणायचे, म्हणजे तलवारीतला ‘डब्ल्यू’ मुका. ‘शिप’ ऱ्हस्व म्हटले तर जहाज, ‘शीप’ दीर्घ म्हटले तर मेंढी. एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे कप्तान मेंढीवर बसून आला!’’ तो फरक त्याला जन्मभर पुरेल.

काही ठिकाणी उलटे झाले. इंग्रजी शब्द सोपा आणि मराठीच अवघड! आम्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारी माणसे. ‘अँकर’ म्हणजे नांगर असे सांगितले, तर मुले म्हणाली, ‘‘काका, पाण्यात नांगरट कशाला करतात?’’ ‘टाइड’ म्हणजे भरती म्हटल्यावर सगळ्यांना पोलीस भरतीच आठवली. सिनेमात टायगर लिली नावाच्या मुलीला चाचे बांधून ठेवतात आणि भरतीचे पाणी चढू लागते. ते चित्र पाहिल्यावर ‘टाइड’ कळले, आणि मराठी ‘भरती’ही नव्याने कळली. म्हणून शब्दाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा शब्दाचे चित्र पाहणे बरे.

सावली

एक शब्द मात्र मला थांबवून गेला. पीटर पॅनची सावली त्याच्यापासून सुटून वेंडीच्या घरात राहिलेली असते. तो ती शोधायला येतो, आणि वेंडी सुई-दोऱ्याने ती त्याच्या पायाला शिवून देते. माझी आई खाटेवर बसून पाहत होती. तिने विचारले, ‘‘अरे, त्या पोऱ्यानी सावली हराई गयी का?’’ मुले हसली.

मराठीत ‘सावली’ एकच. इंग्रजीत दोन शब्द आहेत. झाडाखाली आपण बसतो ती ‘शेड’, आणि आपली आकृती जमिनीवर पडते ती ‘शॅडो’. हे वहीत लिहून दिले. मग मी मुलांना विचारले, की आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शॅडोबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का? कोणाला सांगता आले नाही. पेशवाईत आपल्या माणसाची सावली अंगावर पडली तर विटाळ होतो, म्हणून त्याला रस्त्याने चालायला मनाई असे. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे जगाला इंग्रजीत सांगितले. त्या पुस्तकातही हाच ‘शॅडो’ शब्द आहे. गोष्टीतला मुलगा आपली सावली शोधतो, आणि आपल्या पूर्वजांना आपलीच सावली सांभाळत चालावे लागे. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आई म्हणाली, ‘‘लाव पुढे.’’

शब्द कोणी ठेवला?

सिनेमात एक भाग असा आहे, की तो गाळून दाखवावा की दाखवून समजवावा, याचा मी दोन दिवस विचार केला. नेव्हर लँडवर अमेरिकेचे मूळ रहिवासी दाखवले आहेत. त्यांची चेष्टा केली आहे, त्यांच्या कातडीच्या रंगावर गाणे रचले आहे, त्यांना ‘रेडस्किन’ म्हटले आहे. ज्यांची भूमी गेली, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना मुलांच्या सिनेमात विदूषक करून टाकले.

मी तो भाग दाखवला आणि थांबवला. मुलांना सांगितले, की हा शब्द वहीत लिहा, पण त्यावर लाल काट मारा. हा शब्द समजून घ्यायचा, वापरायचा नाही. खुद्द डिस्ने कंपनीलाही हे पुढे मान्य करावे लागले. २०२० साली तिने आपल्या वाहिनीवर या सिनेमाच्या आधी इशारा दाखवायला सुरुवात केली, आणि २०२१ साली सात वर्षांखालील मुलांच्या यादीतून तो काढला. २०२० सालीच अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघालाही हे नाव सोडावे लागले.

मूळ रहिवाशांना ‘इंडियन’ हे नावही त्यांनी घेतलेले नव्हते. कोलंबस १४९२ साली चुकून तिकडे पोहोचला, त्याला वाटले हिंदुस्थान आला, आणि चूक तशीच राहिली. त्यांच्यातले नवाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात. दुसऱ्याने ठेवलेले नाव आणि आपण घेतलेले नाव यातला फरक आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९३८ साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्यास बाबासाहेबांच्या पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. नाव आपले, तर ते ठरवण्याचा अधिकारही आपला.

‘पायरेट’ शब्दाचेच पाहा. कोकण किनाऱ्यावरचे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. इंग्रजांनी त्यांना आपल्या कागदांत ‘पायरेट’ लिहिले, कारण ते इंग्रजांची जहाजे अडवत. आज मुंबईतल्या आपल्या नौदलाच्या तळाला त्यांचे नाव आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले. तेव्हा इंग्रजी शिकायची ती इंग्रजाचे सगळे खरे मानायला नव्हे. त्याने काय लिहिले ते वाचता यावे, आणि चूक असेल तर त्याच भाषेत उत्तर देता यावे, यासाठी शिकायची. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’तच इंग्रजीचे महत्त्व सांगून ठेवले आहे.

पालकांना दोन शब्द

‘आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे बरेच पालक म्हणतात. माझे म्हणणे असे, की तुम्ही फक्त शेजारी बसा. मुलाला विचारा, की हा काय म्हणाला? त्याला तुम्हाला समजावून सांगावे लागेल, आणि समजावून सांगताना तोच पक्का शिकेल. माझ्या आईने कधी शाळा पाहिली नाही. पण मगर आली की तीच आधी ‘टिक-टॉक, क्रोकोडाइल’ म्हणायची आणि मुले टाळ्या वाजवायची.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसवू नये. वहीतला प्रत्येक शब्द घालून मुलाने स्वतःचे एक वाक्य करावे, तेही आपल्या घरातले. ‘माझ्या वडिलांकडे दोरी आहे’, ‘आमच्या गल्लीत सावली नाही’, अशी. चाच्यांची आरोळ्या-शिव्यांची भाषा मुलाखतीत चालत नाही, हेही सांगावे! कार्टून पाहून व्याकरण येत नाही. त्यासाठी शाळेचे पुस्तक आहेच. पण शब्द आले की पुस्तकाची भीती जाते. ‘पीटर पॅन’ मिळाला नाही तर दुसरा चालेल. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ या पुस्तकावरही कार्टूनपट निघाले आहेत. त्यात नकाशा आहे, खजिना आहे, एका पायाचा चाचा आहे.

शंभर शब्दांनंतर

सुट्टी संपायला चार दिवस राहिले, तेव्हा मी कपाटातून महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा बारावा खंड काढला. त्यात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांच्या आठवणींचे लहानसे लेखन आहे. इंग्रजी अगदी सोपे आहे, कारण परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता समजावी म्हणून ते लिहिले. त्यात आपल्या चाळीसगावची हकिकत आहे. १९२९ साल, म्हणजे बॅरीने इस्पितळाला हक्क दिले तेच साल. बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला सवयीचा माणूस नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

दहावीत जाणाऱ्या त्या मुलीला मी ते पान दिले. पाचोऱ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी चाळीसगावला थांबते, हे तिला माहीत होते. ते स्टेशन तिने किती वेळा पाहिलेले. ती एकेक शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. ‘हॉर्स’, ‘रिव्हर’, ‘व्हील’ आले, तिथे थांबली नाही. जिथे अडली तिथे शब्दकोश उघडला. एक पान वाचायला तिला चाळीस मिनिटे लागली. मी मध्ये बोललो नाही.

वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘काका, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय ना? मधे कोणी नाही?’’

मी म्हणालो, ‘‘नाही बाळा, मधे कोणी नाही.’’

‘‘मग उद्या पुढचं पान वाचते,’’ ती म्हणाली, आणि वहीत एकशे एकावा शब्द लिहायला बसली.

जयभीम!